दशावतारी मंडळांच्या मालकांना आणि जत्रा कमिट्यांना, एका पेटीवाल्याचं खुलं पत्र

सगळ्या मालकांना, नाटक लावणाऱ्या जत्रा कमिट्यांना आणि ज्यांच्यासोबत इतक्या रात्री काढल्या त्या सगळ्या पार्टवाल्यांना, म्हणजे नटांना, नमस्कार.

मी पेटी वाजवतो. कुडाळ तालुक्यातलं गाव, घरात भजन होतं म्हणून हात पेटीवर लहानपणीच गेला, आणि दशावतारात यंदा माझा 23वा हंगाम. आतापर्यंत चार मंडळांत वाजवलंय. खाली जे लिहितोय ते चारही ठिकाणी कमीजास्त तसंच होतं, म्हणून कोणाचं नाव घेत नाही आणि कोणी अंगाला लावून घेऊ नये ही विनंती.

मागणं आधीच सांगून टाकतो. रंगपटात आख्यान ठरतं, पार्ट वाटले जातात, कोण कुठे कोणाला भेटणार हे ठरतं, तेव्हा आम्हाला तिथे बसवा. पेटीवाला, मृदंगी, झांजवाला, तिघांनाही. एवढंच. पैशाचं वगैरे मी शेवटी थोडं बोलेन पण ते मुख्य नाही.

ज्यांनी दशावतार फक्त मोबाईलवर बघितलाय त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल, कारण हे पत्र मुंबईपुण्याचे लोकपण वाचतील. आमच्याकडे नाटक लिहिलेलं नसतं. संहिता नाही, तालीम नाही. जत्रेत पालखी फिरून देवळात बसली की नाटक उभं राहतं, कधी रात्री 12 ला, कधी 1 ला, आणि पहाटेपर्यंत चालतं, शेवटी दहीकाला. त्याआधी तासभर रंगपटात, म्हणजे देवळाच्या मागची एखादी खोली नाहीतर शाळेचा वर्ग नाहीतर नुसतीच कनात, तिथे सगळे आपापले पेटारे उघडून स्वतःचं तोंड स्वतः रंगवत बसलेले असतात आणि मालक किंवा कोणी जुना जाणता पार्टवाला कथा सांगतो. आज बब्रुवाहन. आज चंद्रहास. तू अर्जुन, तू चित्रांगदा, तू उलुपी. इथे युद्ध, इथे विलाप, हा प्रवेश आटोपता घ्या, इथे ताणायला हरकत नाही. एवढंच ठरतं. बाकीचे पाच तास जे बोललं जातं ते तिथल्या तिथे सुचलेलं असतं, समोरच्याने काय टाकलं त्यावर, समोर माणसं कशी बसलीत त्यावर. सामान म्हणाल तर एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. आणि बाजूला आम्ही तिघं.

आता या सगळ्यात पेटीवाला काय करतो. लोकांना वाटतं पदाला साथ करतो. करतोच. पण ती सगळ्यात सोपी गोष्ट आहे, पद सुरू झालं की मग ते ठरलेल्या चालीनेच जातं. अवघड आहे ते पद सुरू व्हायच्या आधीचं. राजपार्ट बोलत असतो, बोलता बोलता शेवटचा शब्द लांबवतो, "आता मी जाऊ तरी कुठेऽऽ", आणि तो 'कुठे' ज्या सुरात पडला तिथून मला अर्ध्या श्वासात ठरवायचं असतं की हा आता गाणार आहे का नुसता दम घेतोय, आणि गाणार असेल तर करुण गाणार का चिडून गाणार. राजपार्टची पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, पांढरी दोन, त्याच्यासमोर स्त्रीपार्ट उभा त्याची काळी तीन, दोघं एकाच प्रवेशात पाठोपाठ गाणार, तर मधल्या दोन वाक्यांत मला इकडून तिकडे जायचं असतं आणि ऐकणाऱ्याला जोड दिसता कामा नये. कोण घसा बसलेला असूनही वरच्या सुरातच घुसतो, कोणाला आधी नुसता षड्ज लागतो, कोणाला पूर्ण ओळ वाजवून दाखवावी लागते, हे सगळं डोक्यात. स्त्रीपार्टवाला चालत येतो तो कोण म्हणून येतोय, राणी म्हणून का दासी म्हणून का राणी असून वनवासात आहे म्हणून, तर त्या पावलांना वेगळं वाजवावं लागतं. राक्षस येताना मृदंगाने जमीन हलवायची, पण राक्षस जखमी होऊन परत येत असेल तर तसं नाही.

आणि संवाद लांबला, दोघांना आवरता येईना, समोर माणसं उठून खाज्याच्या दुकानाकडे निघाली, अशा वेळी पेटीवर एक सूर जरा मोठा केला की शहाणा पार्टवाला ओळखतो की आता गुंडाळा. हे बोलून सांगता येत नाही, सुरानेच सांगावं लागतं. कधी एखाद्याला शब्दच सुचत नाहीत, नवीन पोरगा असतो, डोळ्यात दिसतं की अडकलाय, तेव्हा मृदंगी आणि मी मिळून अशी जागा भरतो की लोकांना वाटावं तो विचार करत उभा आहे. तेवढ्यात त्याला सुचतं. अशी किती पोरं पुढे चांगली राजपार्टवाली झाली.

आख्यानाआधीच्या पूर्वरंगात तर आम्ही अर्धे पात्रच असतो. वेद चोरणारा राक्षस संकासुर काळ्या कपड्यात लाल जीभ लोंबवत येतो आणि थेट पेटीकडे तोंड करून मालवणीत सुरू होतो, "ओ नाईकानू, ह्यो आवाज खयसून इलो?" नाईक म्हणून उत्तर मलाच द्यायचं असतं, हात पेटीवर चालू ठेवून. तो काय विचारेल हे त्यालाही आधी माहीत नसतं. कोण गावात नवीन गाडी घेतली, कोणाचा बैल कोणाच्या शेतात शिरला, सगळं त्यात येतं. संकासुर चांगला झाला तर पुढची रात्र चांगली जाते हे माझं मत आहे, कारण लोक तिथेच ठरवतात की आज बसायचं का घरी जाऊन झोपायचं.

मग एवढं सगळं जो माणूस करतो तो कथा ठरताना कुठे असतो? तो स्टेजवर असतो. टेम्पोतून पेटी उतरवत असतो, वायर कुठे लावायची ते विचारत असतो, साऊंडवाला आला नाही म्हणून फोन लावत असतो. मृदंगी बिचारा मृदंगाच्या एका तोंडाला लावायची कणीक मळत असतो, कार्तिक-मार्गशीर्षात दव एवढं पडतं की चामडं सैल होतं, एकदा चढवलेला मृदंग तासाभरात उतरतो, परत ठोकायचा. हे सगळं होईपर्यंत 12 वाजतात आणि मग कोणीतरी रंगपटातून येऊन सांगतो, "आज बब्रुवाहन. सूर तुका म्हायत आसा." झालं. पाच तासांच्या नाटकाची आम्हाला मिळालेली माहिती एवढीच.

इतकी वर्षं मीही हे चालवून घेतलं. अंदाजाने वाजवता येतं, सवय होते, आणि अंदाज बरोबर निघाला की आनंदपण होतो, खोटं का बोलू. पण दोन गोष्टी घडल्या म्हणून हे लिहायला बसलो.

पहिली गोष्ट पाच हंगामांपूर्वीची. बब्रुवाहनच होता. बब्रुवाहनाच्या हातून अर्जुन, म्हणजे त्याचा बाप, युद्धात पडतो, आणि नंतर त्याला कळतं की आपण कोणाला मारलं. तिथे मोठा विलाप असतो, पद असतं, ते पद त्या पार्टवाल्याचं नावाजलेलं होतं, लोक त्यासाठी थांबायचे. मी त्या रात्री दुसऱ्या गावातून भजन आटपून बाईकवर परस्पर पोचलो होतो, उशीर झालेला, सरळ पेटीवर जाऊन बसलो. प्रवेश आला, अर्जुन बाकड्याला टेकून पडलेला, हा त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला आणि "तात" म्हणाला. आणि थांबला. मला वाटलं नेहमीसारखा पदाआधीचा थांबा घेतोय. मी पदाची सुरावट दिली. तो काही बोलला नाही. मला वाटलं सूर लागला नसेल, म्हणून परत दिली, जरा मोठ्याने. मृदंगीने ठेका धरला. मग तो गायला लागला, दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, तिसऱ्या ओळीला तो खरोखरचा हमसून रडायला लागला आणि त्याला आवरेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बक्षिसं आली, माईकवरून नावं पुकारली गेली, 100 रुपये, 500 रुपये. मी वाजवत राहिलो कारण मला वाटत होतं की हा आज काय रंगलाय.

नाटक संपल्यावर कळलं. त्याचे वडील जाऊन पंधरा दिवस झाले होते. सुतक फिटल्यावरची ती त्याची पहिली नाईट. रंगपटात त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की बाबांनो आज मला विलाप नको, मी "तात" म्हणेन आणि उठेन, लगेच उलुपीने अर्जुनाला जिवंत करणारा मणी घेऊन यायचं. सगळ्यांना माहीत होतं. उलुपी झालेला पोरगा आत तयार उभा होता, त्याला पुढे येता येईना कारण मी पद सुरू केलेलं. नाटकातल्या सगळ्या माणसांत फक्त आम्हा तिघांना माहीत नव्हतं, आणि नेमकं पद सुरू करणं आमच्याच हातात होतं. मी त्याला दोनदा ढकललं. एकदा नाही, दोनदा.

सकाळी चहाच्या वेळी मी त्याच्याजवळ गेलो, काय बोलावं कळेना. तोच म्हणाला, "जा झाला ता झाला. तुका खय म्हायत होता." त्याच्या मनात काही नाही, अजून आम्ही एकत्र काम करतो. माझ्या मनातून मात्र ते जात नाही. तो जे पद म्हणायचा त्याची पहिली ओळ आजही वाजवताना मी एकदा त्याच्या तोंडाकडे बघून घेतो, त्याने मान हलवली तरच पुढे जातो.

दुसरी गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पाऊस लागला की संपतो, मधले महिने शेती, गणपतीतली भजनं, एखादी डबलबारी म्हणजे भजनाचा सामना, पोरांना पेटी शिकवणं. तर जुलैत कामासाठी मुंबईला गेलो होतो, बहिणीकडे उतरलो. भाचा इम्प्रोव्हचे शो करतो. तो म्हणाला मामा ये, तुला आवडेल, आमच्याकडेपण काही लिहिलेलं नसतं. गेलो. अंधेरीत एक छोटी जागा, पन्नास-साठ खुर्च्या, पाच पोरंपोरी आणि कोपऱ्यात एक कीबोर्डवाला. प्रेक्षकांकडून शब्द मागतात आणि त्यावर तिथल्या तिथे प्रवेश उभा करतात. मी मुद्दाम 'फणस' म्हणून ओरडलो. त्यांनी फणसावरून एका घराच्या वाटणीचा प्रवेश केला, मराठी हिंदी इंग्लिश सगळं मिसळून, आणि खरं सांगतो, चांगला केला. कीबोर्डवाला तर फार चांगला होता. दोघं भावंडं भांडताना त्याने काहीच वाजवलं नाही, आणि बहीण नुसती खाली बसली तेव्हा त्याने दोन सूर टाकले, तेवढ्यावर प्रवेश संपला, दिवे गेले. प्रवेश त्यानेच संपवला. हे मी ओळखलं, बाकी कोणी ओळखलं असेल नसेल.

पण मी ज्यासाठी हे सांगतोय ते शोच्या आधीचं. भाच्याने मला आत नेलं होतं. सुरू व्हायच्या वीस मिनिटं आधी ती सगळी पोरं गोल करून उभी राहिली, आणि कीबोर्डवाला त्या गोलात होता. टाळ्यांचे, आवाजाचे काहीतरी खेळ खेळले, तोही खेळला. मग एकेकाने सांगितलं आज कसं वाटतंय. एक मुलगी म्हणाली माझी आई हॉस्पिटलमध्ये आहे, आज हॉस्पिटलचा प्रवेश आला तर मला त्यात घेऊ नका. सगळ्यांनी माना हलवल्या. कीबोर्डवाल्यानेही. कोणी तिला जास्त काही विचारलं नाही, पुढच्याकडे वळले. पाच मिनिटांचं काम.

मी तिथे उभा होतो आणि मला तो बब्रुवाहन आठवला. घशात काहीतरी आल्यासारखं झालं, भाच्याला काही बोललो नाही.

त्या पोरांची ती कला आपल्यापेक्षा नवी, आपली किती शतकांची. आपल्याकडे हे असायला काय हरकत आहे? उलट आपल्याकडे हे आधी असायला हवं होतं, कारण मराठी नाटकाची सुरुवातच अशी आहे. 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो तो विष्णुदास भावे यांनी सांगलीत 1843 साली सीतास्वयंवर केलं म्हणून. त्या नाटकांत लिहिलेली असायची ती पदं. सूत्रधार पदातून कथा पुढे न्यायचा आणि पात्रं त्याला धरून आपल्या मनाने बोलायची, म्हणजे संवाद उत्स्फूर्त आणि गाणं बांधलेलं. गाणारा-वाजवणारा हाच नाटकाचा कणा होता, बाकीचे त्याच्या अंदाजाने चालायचे. पुढे 1880 ला पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल आलं, पात्रं स्वतः गायला लागली, संवादही लिहिलेले होते, तालमी होत्या. तरी गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा माणूस बसायचा आणि सारंगीला कादरबक्ष, लोक त्यांच्यासाठीसुद्धा तिकीट काढायचे. आपण ती संगीत नाटकाची पदं घेतली, ऑर्गनवरच्या चाली पायपेटीवर आणल्या, पण लिहिलेले संवाद घेतले नाहीत, ते आपल्याकडे अजून भाव्यांच्या काळासारखे मोकळेच आहेत. ही फार मोठी गोष्ट आपण सांभाळलीय. वाजवणाऱ्याची जागा मात्र तेवढी सांभाळली गेली नाही असं मला वाटतं.

आता याचा दोष एकट्या मालकांचा नाही हे मला कळतं. मालकाला रात्रीच्या दहा भानगडी. म्हणून मी कमिट्यांनाही लिहितोय. आम्ही रंगपटात येऊ शकत नाही याचं खरं कारण साऊंड आहे. साऊंडवाला 11 ला येतो, पालखीसोबत वाजंत्र्याचे माईक तोच लावतो, मग आमचे. तोपर्यंत पेटी कुठे ठेवायची ते ठरत नाही. तुम्ही जत्रेचा खर्च करता, मंडप, लायटिंग, आकाशकंदील, आलेल्या पाहुण्यांचे सत्कार. त्यात एवढं एक करा की साडेनऊला स्टेजवर पॉइंट आणि चार माईक लावलेले असतील, आणि एक लहान स्पीकर आमच्याकडे तोंड करून ठेवलेला असेल. तो स्पीकर नसला की पार्टवाल्याचा आवाज आम्हाला मंडपाच्या टोकाला जाऊन परत आलेला ऐकू येतो, उशिरा, आणि मग मी उशिरा वाजवतो आणि लोक म्हणतात पेटीवाला झोपलाय. साडेनऊला हे झालं की आम्ही 10 ला पेटी लावून मोकळे, मृदंग नंतर परत चढवता येतो. सव्वादहाला रंगपटात.

मालकांना माझं म्हणणं आहे की आम्ही आत आलो की आम्हाला कथा सांगू नका, कथा आम्हाला पाठ आहे. आज काय वेगळं आहे ते सांगा. कोणाचा घसा बसलाय, कोण पहिल्यांदा उभा राहतोय, कोणत्या दोघांचं काल वाजलं आणि आज एकमेकांसमोर उभे राहणार आहेत, कोणता प्रवेश कापायचा, गावात कोणाकडे मयत झालंय म्हणून संकासुराने कशाला हात लावायचा नाही. आम्हालाही काही सांगायचं असतं. काल युद्धात मृदंगीच्या बोटाला चीर पडलीय, आज युद्ध आटोपतं घ्या, हे त्याने कोणाला सांगायचं? तो कोणालाच सांगत नाही, पट्टी गुंडाळतो आणि वाजवतो.

पेनड्राइव्हचं बोलायचं टाळणार होतो पण बोलतो. ट्रिकसीन आले, त्यासाठी रेकॉर्ड केलेले आवाज आले, गडगडाट, नागाचा फुत्कार, मला त्याचं वाईट वाटत नाही, लहान मुलं ते बघायला पुढे येऊन बसतात आणि मुलं पुढे येऊन बसली पाहिजेत. पण गेल्या दोनतीन हंगामांत युद्धालाच ट्रॅक लावायला लागलेत, विलापालाही लावताना मी पाहिलंय. ट्रॅक चार मिनिटांचा असेल तर चार मिनिटं रडायचं. पार्टवाल्याला दोन मिनिटांत पुरेसं झालं तरी रडायचं, आणि सहा मिनिटं हवी असतील तरी चारलाच उठायचं. पेनड्राइव्हला ऐकू येत नाही. ज्या नाटकात प्रत्येक जण दुसऱ्याचं ऐकून पुढचं ठरवतो त्यात एक असा गडी आणून बसवला की जो कोणाचंच ऐकत नाही. त्या वेळी आम्ही तिघं हात मांडीवर ठेवून बसतो आणि ते बसणं फार जड जातं. गडगडाटाला लावा. माणसाच्या तोंडून काही येणार असेल तिथे लावू नका.

नावाचंही आहे. हँडबिलावर राजपार्ट, स्त्रीपार्ट, राक्षसपार्ट सगळ्यांची नावं असतात, फोटो असतात, खाली "आणि इतर" असतं. आमच्यातले एक म्हातारे मृदंगी, चाळीस वर्षं वाजवलं त्यांनी. सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन असतं, त्यासाठी अर्ज करायला आम्ही त्यांना बसवलं. कलाक्षेत्रात काम केल्याचे पुरावे लागतात, कात्रणं, पत्रिका, सर्टिफिकेट. त्यांच्याकडे एक कागद नाही ज्यावर त्यांचं नाव छापलंय. ते म्हणाले, "माझो पुरावो ह्यो बघ, हातार," आणि हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर घट्टे. तो अर्जाला जोडता येत नाही. 2020 च्या मार्चात ऐन हंगामात सगळं बंद पडलं, जत्रा बंद, पुढचा हंगामही असातसाच गेला, नंतर लोककलावंतांसाठी 5,000 ची मदत जाहीर झाली, तेव्हाही हीच अडचण, कलावंत असल्याचं दाखवायचं कसं. हँडबिलावर तीन नावं वाढवायला काही खर्च नाही. नाटक यूट्यूबवर टाकणाऱ्यांनाही सांगतो, खाली कलाकारांची यादी लिहिता त्यात तीन ओळी आमच्या लिहा, आणि कॅमेरा पाच तासांत एकदा तरी डावीकडे वळवा. पोरगी विचारते, बाबा तू दिसत का नाहीस, नुसता ऐकू का येतोस.

पैशाचं थोडक्यात. नाईट, म्हणजे एका रात्रीचे पैसे, पार्टवाल्यांना जास्त असते, असू दे, लोक त्यांच्यासाठी येतात आणि त्यांचा रंग, कपडे, सगळं त्यांच्या पदरचं असतं. पण पेटीपण माझ्या पदरची आहे. कोकणच्या हवेत रीडला गंज चढतो, पावसाळ्यात भाता फुगतो, उंदीर चामडं खातात, दरवर्षी दुरुस्तीला पेटी द्यावीच लागते. हंगामाच्या सुरुवातीला पेटी-मृदंगाच्या दुरुस्तीला म्हणून काहीतरी ठरवून द्या, किती ते बसून ठरवू. आणि नाटक होऊन सकाळी टेम्पो सुटायच्या आत नाईट हातात मिळावी, आठवड्याने नको. बस.

'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' असं आपल्या पार्टवाल्यांबद्दल लोक म्हणतात. ते खरं आहे, मी त्यांना पहाटे तोंडाचा रंग खोबरेल तेलाने पुसून तसंच रानात काजूच्या कामाला जाताना बघितलंय, म्हणून त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही, ही मागणी त्यांच्यासाठीसुद्धा आहे. ज्याला रात्री उभं राहून मनाने बोलायचंय त्याच्या पायाखाली सूर असतो. तो सूर देणाऱ्याला माहीत असावं की आज याचं मन कुठे दुखतंय.

तुळशीची लग्नं झाली की पहिल्या जत्रा लागतील. ज्या मंडळात मी यंदा आहे त्यांच्या मालकांना हे पत्र छापायच्या आधी दाखवलंय, ते वाचून काही बोलले नाहीत, पण पत्र परत न देता खिशात ठेवलं. तर पहिल्या नाईटला मी दहाच्या आत पोचतो, मृदंगीला आणि झांजवाल्यालाही तसंच सांगितलंय. पेटी लावून झाली की आम्ही आत येऊ. पेटाऱ्यांच्या मध्ये तिघांना मांडी घालता येईल एवढी जागा ठेवा.

तुमचाच,
एक पेटीवाला